ऑटोमॅटिक पिकअपने जड ट्रेलर घाटातून ओढताना गिअरबॉक्स तापतो. जादा ऑइल कूलर बसवावा का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: राहता गोव्यातल्या सांखळीत, गाडी सेकंडहँड ऑटोमॅटिक डिझेल पिकअप, मागे ट्रेलरवर छोटा एक्स्कॅव्हेटर, सगळं मिळून सव्वाचार टन. बेळगावचं काम धरलंत, चोर्ला घाट चढलात आणि ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) गिअरबॉक्स ऑइलचं तापमान ११८ डिग्री दिसलं. आता कूलर बसवायचा की गाडीच बदलायची, हा प्रश्न.

गाडी बदलू नका. कूलर बसवा, पण त्याआधी गिअर स्वतः धरायला शिका.

मी बेतीचा. पाच-सहा वर्षं असल्याच गाडीने लोकांच्या बोटी ओढतो. मे महिन्याच्या शेवटी, मिरगाच्या आधी, ज्याला त्याला बोट पाण्याबाहेर हवी असते, तेव्हा दिवसाला चार-चार खेपा होतात. मीही सुरुवातीला समजत होतो की वजन जास्त म्हणून गिअरबॉक्स तापतो. वजनाचा वाटा आहेच, पण उष्णतेचा खरा कारखाना टॉर्क कन्व्हर्टर. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी ऑइलने भरलेला एक डबा असतो. इंजिनाकडची पाती ऑइल फेकते, त्या ऑइलच्या जोराने गिअरबॉक्सकडची पाती फिरते. दोन्ही सारख्या वेगाने फिरत नाहीत, आणि मधल्या फरकात जी ताकद हरवते ती सरळ ऑइलची उष्णता होते.

किती, त्याचा तुमच्याच गाडीवर हिशोब करू. सव्वाचार टन, ७ टक्के चढ, वेग ताशी ३० किमी. नुसतं वर चढवायला सुमारे २४ किलोवॅट लागतात, टायरांची घसट धरून २८. कन्व्हर्टर घसरत असेल आणि ८० टक्केच ताकद पुढे देत असेल, तर इंजिनाला ३५ द्यावे लागतात. मधले ७ किलोवॅट ऑइलमध्ये. घरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे साडेतीन गिझर त्या आठ-दहा लिटर ऑइलमध्ये सोडून तुम्ही घाट चढत होता. ११८ झालं यात नवल नाही.

यावर उपाय गाडीतच आहे. कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. तो बसला की दोन्ही पाती एकत्र फिरतात, घसरण संपते आणि ते गिझर जवळजवळ बंद होतात. पण 'डी'मध्ये ठेवून घाट चढलात की गिअरबॉक्स चौथा की तिसरा या गोंधळात पडतो, आणि प्रत्येक बदलात लॉक सुटतो. म्हणून चढ लागायच्या आधीच, केरीच्या पुढे, लिव्हर मॅन्युअलवर घ्या. तिसरा धरा, नाहीतर दुसरा. इंजिन २२०० ते २८०० आरपीएमवर फिरू द्या. गाडी ओरडते म्हणून आपली माणसं घाबरतात, पण त्याच आरपीएमने ऑइलचा पंप जोरात चालतो, आणि बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये पंखाही इंजिनावरच फिरतो. कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर तळाला दाबून कुंथत चढण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

लॉक बसला की नाही हे ओळखायला वेगळं यंत्र नको. एकसारख्या वेगात असताना अॅक्सिलरेटर किंचित दाबा. वेग तसाच राहून आरपीएमचा काटा दोन-तीनशेने उडाला तर लॉक सुटलेला आहे. काटा वेगाबरोबरच हलला तर बसलेला. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरात लॉक बसतच नाही, त्यामुळे अगदी तीव्र वळणावर थोडं तापणार. पुढच्या सरळ टप्प्यावर लॉक बसला की उतरेल.

आकडे कसे वाचायचे? ८० ते ९५ म्हणजे संसार सुखाचा. १०५ पर्यंत घाटात चालतं. ११० दिसलं की एक गिअर खाली, वेग कमी, एसी बंद. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, त्याची गरम हवा मागच्यांना खावी लागते. १२० ला जागा बघून थांबा. एक ढोबळ हिशोब गॅरेजवाल्यांच्या तोंडी असतो: ८० डिग्रीवर ऑइल १,६०,००० किमी टिकतं, आणि वर दर ११ डिग्रीला आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ९१ ला ८०,०००, १०२ ला ४०,०००, ११३ ला २०,०००. हा जुन्या ऑइलचा हिशोब. आजची ऑइलं जास्त सोसतात आणि तुम्ही काही दिवसभर ११३ वर नसता, पण कल खरा आहे. १२५ च्या वर आतली सीलं कडक होऊ लागतात, १४५ च्या आसपास क्लच प्लेटा घसरू लागतात. तिथे मग ऑइल बदलून भागत नाही. मीटर कुठलं तापमान दाखवतो तेही बघा. तळाच्या पॅनमधलं असेल तर कन्व्हर्टरमधून निघणारं ऑइल त्याहून बरंच गरम असतं.

थांबलात की लगेच इंजिन बंद करू नका, इथे बरेच जण चुकतात. बंद केलं की पंप बंद, कूलरकडे जाणारं ऑइल बंद, गरम ऑइल जिथल्या तिथे. हँडब्रेक, चाकांना दगड, न्यूट्रल, आणि हजार-बाराशे आरपीएमवर पाच-दहा मिनिटं. मी अनमोड घाटातून जातो तेव्हा वरच्या दूधसागर देवळापाशी थांबतोच. ट्रकवाले पण तिथे थांबतात, त्यांचं कारण नारळाचं, माझं गिअरबॉक्सचं, दोन्हीत श्रद्धा सारखीच.

मात्र माझा गिअरबॉक्स सगळ्यात जास्त तापला तो घाटात नव्हे, घरापासून दहा मिनिटांवर, बोटीच्या रॅम्पवर. रॅम्पला शेवाळ, ओहोटी, बोट जड, आणि मी अर्धा तास पुढे-मागे, पुढे-मागे. चालती गाडी थांबण्याच्या बेतात असते तेव्हा कन्व्हर्टर जवळजवळ सगळी ताकद उष्णतेत घालवतो, आणि समोरून वारा म्हणून नाही. १२६ दिसलं, दिवा लागला. ऑइल काढलं तेव्हा गुलाबीचं तपकिरी झालेलं, करपलेल्या कांद्यासारखा वास. त्याआधी एका सर्व्हिस सेंटरने मला सांगितलं होतं, 'हे लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं.' कुणाची लाइफटाइम ते सांगितलं नव्हतं. गाडीच्या पुस्तकात कठीण वापरासाठी वेगळा रकाना असतो. ओढकाम करणाऱ्याने तोच वाचायचा, आणि त्यात लिहिलंय त्याच दर्जाचं ऑइल भरायचं.

तेव्हापासून रॅम्पवर मी फोर-लो टाकतो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर. वेगाची ही जादाची घट गिअरबॉक्सनंतर, चाकांकडे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये होते, त्यामुळे चाकाला तेवढाच जोर द्यायला कन्व्हर्टरवर कितीतरी कमी भार येतो. साइटवर चिखलातून, ओल्या उतारावरून एक्स्कॅव्हेटर बाहेर काढताना तुम्हीही हेच करा. फक्त कोरड्या डांबरावर नको, वळताना पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं.

आता कूलर. कंपनीचा कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीत असतो आणि इंजिनाच्या पाण्यावर चालतो, म्हणजे पाणी ९० असेल तर ऑइल त्याच्या खाली फारसं जाणार नाही. जादाचा प्लेटचा कूलर त्याच्यापुढे, हवेत, ओळीत बसवा: आधी कंपनीचा, मग हा. सांखळीचे आहात म्हणून एक वेगळं सांगतो. खाणीची लाल धूळ तुमच्याकडे जाळ्यांत कशी बसते ते मी पाहिलंय. नवा कूलर घेण्याआधी रेडिएटरची जाळी मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुऊन बघा. कदाचित पाच-सहा डिग्री तिथेच मिळतील. आणि कोणी सांगेल की गोव्याच्या दमटपणामुळे तापतं, तर ऐकू नका. दमट हवेने घाम आपल्याला येतो, रेडिएटरला नाही. त्याला नुसतं हवेचं तापमान कळतं.

ट्रेलरची नोंदणी आणि त्याचे ब्रेक नीट आहेत असं धरून चालतो. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकवर यावा, त्याप्रमाणे एक्स्कॅव्हेटर पुढे-मागे सरकवा.

आधी मात्र ऑइल बदला, कारण ११८ किती वेळा झालं ते आधीच्या मालकालाच ठाऊक. पॅन उघडाल तेव्हा मेस्ताला (मेकॅनिकला) तळातला लोहचुंबक दाखवायला सांगा. त्यावर राखेसारखा बारीक काळा चिखल असला तर काळजी नको. बोटाला कणी लागली, तर कूलरचे पैसे बाजूला ठेवा आणि इथे फोटो टाका, मग बोलू.