एकीकडे पुसलं, सगळीकडून गेलं

प्रश्न : आमचा केळीचा व्यापार रावेरला, घर सावद्याला. हिशेबाच्या एक्सेल फायली गूगल ड्राइव्हवर असतात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि घरच्या लॅपटॉपवर त्याच उघडतो. जागा करायची म्हणून मुलाने लॅपटॉपवरचा जुना फोल्डर पुसला, तर तो दुकानातूनही गेला. शिवाय कधी कधी एकाच फाइलच्या दोन प्रती दिसतात. काय करावे?

उत्तर : आधी फोल्डर परत आणा. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून ‘बिन’मध्ये जा, फोल्डरवर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर’ करा. पुसलेले तिथे ३० दिवसच राहते, म्हणून हे आजच करा.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इथेच बहुतेकांची गफलत होते. सगळीकडे सारखेच ठेवणे हे सिंकचे काम, आणि पुसणे हाही त्याच्या लेखी एक बदलच. लॅपटॉपवर जागा हवी असेल तर ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये ‘स्ट्रीम फाइल्स’ निवडा; फायली क्लाउडवर, म्हणजे गूगलकडेच राहतात, उघडाल ती उतरते. दुकानात मात्र ‘मिरर फाइल्स’ ठेवा; फायलींची प्रत कॉम्प्युटरवरही राहते, नेट गेले तरी काम अडत नाही. खरा बॅकअप वेगळा हवा : आठवड्यातून एकदा एक्स्टर्नल हार्डडिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून ठेवा.

दोन प्रती होतात त्या घाईमुळे. दुकानात फाइल सेव्ह केली, ती वर चढण्याआधीच लाइट गेली किंवा कॉम्प्युटर बंद केला. घरी जुनीच फाइल उघडून तुम्ही नव्या नोंदी केल्या. आता दोन्ही खऱ्या, म्हणून दोन्ही राहतात. एक्सेल बंद करा, घड्याळाजवळच्या ड्राइव्हच्या चिन्हावर सिंक पूर्ण झालेले दिसू द्या, मगच शटडाउन करा. दोघांना एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर ती फाइल गूगल शीट्समध्ये बदलून घ्या. मात्र एक्सेलचे मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) तिथे चालत नाहीत. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा चालू डेटा फोल्डर सिंकला कधीच लावू नका, अर्धवट चढलेल्या फायलींनी डेटा बिघडतो. त्याची बॅकअप फाइल काढून तीच ड्राइव्हवर टाका.

प्रश्न : शेतातून मोबाइलवर काढलेले पावत्यांचे फोटो ड्राइव्हवर टाकले तर घरी येईपर्यंत चढतच नाहीत.

उत्तर : ड्राइव्ह ॲपच्या सेटिंग्जमध्ये फक्त वाय-फायवरून फायली पाठवण्याचा पर्याय चालू असेल, तो बंद करा. तरीही अडले तर जागा तपासा. मोफत १५ जीबी ही जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच मोजला जातो.