‘टाकते मॅडम, पण तासाभरात काढून टाकते’

सांगलीच्या विश्रामबागेत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींकडून गेली काही वर्षं एक तक्रार वरचेवर ऐकते आहे. लग्नाचे फोटो काढणारा विट्याचा मुलगा, जतची मेंदीवाली, मिरजेत सतारीवर नक्षी करणाऱ्या घरातला पोरगा, हौशी नाटकांचं नेपथ्य करणारा एकजण. शब्द थोडे इकडचे तिकडे, बाकी रडगाणं तेच. काम दाखवायचं तर सोशल मीडियावर टाकावं लागतं, टाकलं तर कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारलं नाही की वाटतं आपल्यात काही दमच नाही.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते याच सांगलीत. लोकांसमोर उभं राहायला इथली पोरं घाबरत नाहीत. भरल्या नाट्यगृहात संवाद विसरले तरी सावरून घेतात. तीच पोरं एक फोटो टाकून फोन पालथा घालून बसतात, याचं मला नवल वाटतं.

त्यातल्याच एका मुलीबद्दल आज सांगते. नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काही महिन्यांच्या भेटी इथे चार-पाच संवादांत आल्या आहेत, हेही लक्षात असू द्या. प्रत्यक्षात इतक्या झटपट काही होत नाही.

मुलगी सत्तावीस वर्षांची, जी. डी. आर्ट म्हणजे चित्रकलेची पदविका झालेली. भिंतीवरची चित्रं, दुकानांच्या पाट्या, मेन्यूकार्ड, लग्नपत्रिका, असं मिळेल ते करणारी. वडील पेंटर. एके काळी पेठेतल्या अर्ध्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आलं आणि धंदा बसला.

“काम मिळत नाही का?” मी विचारलं.

“मिळतंय की. कमी मिळतंय.”

“मग त्रास कशाचा होतोय?”

“इन्स्टाचा.”

रोजचा प्रकार तिने सांगितला. संध्याकाळी सातला पोस्ट टाकायची, कारण तेव्हा लोक फोनवर असतात असं कुणीतरी सांगितलं होतं. मग फोन गव्हाच्या डब्यावर पालथा ठेवायचा आणि कणीक मळायला घ्यायची. मळता मळता दोन-तीनदा हात धुऊन फोन बघायचा, तसल्याच ओल्या हातांनी परत परातीत. आठपर्यंत पन्नास लाइक झाले नाहीत तर पोस्ट गायब. “आई रोज विचारते, कणीक एवढी सैल कशी होते तुझी,” ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

मी तिचं पेज बघायला मागितलं. संक्रांतीच्या शुभेच्छा. चालू गाण्यावरचं एक रील, त्यात ब्रश फिरतोय पण चित्र कुठे दिसत नाही. मावसबहिणीच्या लग्नातला फोटो. एक सुविचार. तिची म्हणावी अशी चित्रं दोन.

“बाकीची कुठे आहेत?”

“आर्काइव्हला टाकलीत. म्हणजे पुसली नाहीत, पण माझ्याशिवाय कुणाला दिसत नाहीत.”

आर्काइव्ह उघडलं, तर तिथे सगळं दुकान मांडलेलं. एका जिल्हा परिषद शाळेची भिंत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. भिंतीला खरी खिडकी होती. त्या गजांभोवती तिने ऊस भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवली होती, म्हणजे वर्गातली पोरं खिडकीतून डोकावली की उसाच्या मोळ्यांवर बसल्यासारखी दिसायची. पुढे ट्रॅक्टरवर चष्मेवाले गुरुजी.

“हे का काढलंस?”

“एकवीस लाइक आले फक्त.”

‘अगं, किती सुंदर आहे!’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. आईवडील, मैत्रिणी, शिक्षक नेमके इथेच कौतुक करायला धावतात. पण मी कौतुक केलं असतं तर तो बाविसावा लाइक झाला असता, दुसरं काही नाही. तासभर टिकला असता आणि उद्या सातला पुन्हा तीच परात.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर माझं काम उभं आहे, ते लपवण्याचं कारण नाही. चित्राला मार्क देता येतात, रेष चुकली म्हणता येतं, रंग भडक झाला म्हणता येतं. चित्र काढणाऱ्या अख्ख्या माणसाला मार्क देता येत नाहीत. ही मुलगी रोज संध्याकाळी चित्र परीक्षेला बसवायची आणि निकाल स्वतःच्या नावावर लावून घ्यायची. मी तिला तसं सांगितलंही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, हे ऐकायला बरं वाटतं. पण काम लाइकवरच मिळतं ना?”

प्रश्न चोख होता. मन कितीही समजावलं तरी धंद्याचं गणितच तसं असेल तर माझं बोलणं हवेतच राहणार होतं. म्हणून मी म्हटलं, चल, बघू तरी.

“गेल्या वर्षात पैसे मोजून काम कुणी कुणी दिलं?”

मिरजेचे एक हॉटेलवाले, वाळव्याकडची एक डेअरी, त्या शाळेचे मुख्याध्यापक आणि पुण्याचे एक प्रकाशक.

“यांच्यापैकी कुणी तुझ्या पोस्टला कधी लाइक केलंय?”

ती फोनमध्ये शोधत बसली. बराच वेळ. “कुणीच नाही.”

“मग लाइक कोण करतं?”

“वर्गातल्या मैत्रिणी. दुसरे आर्टिस्ट. मावसभाऊ.”

“त्यांच्यापैकी काम कुणी दिलं?”

“मावसभावाने पत्रिका करून घेतली. फुकट.”

पुढच्या वेळेपर्यंत तिने एवढंच करायचं होतं. या चौघांना फोन करून विचारायचं, मी तुम्हाला कुठून सापडले आणि काम देण्याआधी तुम्ही माझं काय काय बघितलं? ती एकदम आखडली. असं कसं विचारायचं, भीक मागितल्यासारखं वाटेल. तेव्हा मी तिला एलिसचीच गोष्ट सांगितली. तरुणपणी हा माणूस बायकांशी बोलायला इतका घाबरायचा की एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःलाच शिक्षा ठरवली. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन महिनाभरात शंभरेक अनोळखी बायकांशी आपणहून बोलायचं. भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. “तुला चारच फोन करायचेत,” मी म्हटलं.

ती परत आली ती दार ढकलतच. रडून आली असेल असं मला क्षणभर वाटलं. रडली नव्हती, भडकली होती.

हॉटेलवाले तिला म्हणाले होते, “तुमचं पेज दोन-तीनदा बघितलं की. पहिल्यांदा ती शाळेची भिंत होती, ट्रॅक्टरवाली. म्हटलं हिलाच बोलवायचं. रात्री घरात दाखवायला गेलो तर भिंत गायब! म्हटलं दुसऱ्या कुणाचं तरी चित्र उचलून टाकलं असणार, त्यानं दम दिला म्हणून काढलं. मग तुम्हाला मेन्यूकार्डाचं काम दिलं. भिंत कोल्हापूरच्या एका पोराला दिली.”

“बावीस हजारांची भिंत होती मॅडम!” ती टेबलावर हात आपटत म्हणाली.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की नासाडी. आतापर्यंत तिचा राग स्वतःवर होता, ‘मला काही येत नाही’ या दिशेने. आज पहिल्यांदा तो तिच्या एका कृतीवर आला होता, ‘मी ते काढायला नको होतं’. ऐकायला दोन्ही सारखी वाटतात. पण पहिल्या वाक्यावर काही उपाय नाही आणि दुसऱ्यावर दोन मिनिटांत करता येतो. तिने तो माझ्यासमोरच केला. आर्काइव्हमधून ट्रॅक्टर बाहेर काढला.

पण उत्साहाच्या भरात लगेच म्हणाली, “आता मी रोज एक टाकणार. रोज म्हणजे रोज.” मला यातही तीच परात दिसली. मग मी तिच्या वडिलांच्या पाट्यांबद्दल विचारलं.

“बाबा पाटीवर कोपऱ्यात नाव टाकायचे ना?”

“हो. नाव, सांगली, आणि दुकानाचा नंबर. बारीक.”

“पाटीखालून दिवसभरात किती माणसं गेली, कितींनी मान वर केली, हे मोजायचे?”

“मोजतील कशाला? पाटी तिथंच असायची की.” आणि ती थांबली. थोड्या वेळाने तेच वाक्य पुन्हा म्हणाली, यावेळी हळू. “पाटी तिथंच असायची.”

हे मीही तिला सांगू शकले असते. पण माझ्याकडून ऐकलेलं ती आठवडाभरात विसरली असती. उत्तर समोरच्याच्या तोंडून येईपर्यंत कळ काढायची, हे आमच्या व्यवसायातलं सगळ्यात किचकट काम. इतक्या वर्षांनी ते मला जमतं, असं म्हणायला हरकत नसावी.

इन्स्टाग्रामवर २०२१ पासून लाइकचा आकडा लपवायची सोय आहे, ती वापरू का, असं बरेच जण विचारतात. वापरा. मी तिला ती सुचवली नाही, कारण आकडा झाकल्याने भीती जात नाही, ती फक्त झाकली जाते. तिला मी उलटं सांगितलं. स्वतःला बरंसं वाटेल, फार ग्रेट वाटणार नाही, असं एक काम टाक आणि महिनाभर त्याला हात लावू नकोस. पहिले दोन दिवस तिला झोप लागली नाही. नंतर त्याची आठवणही राहिली नाही.

आता ज्यांना पेज खरोखर कामाच्या नमुन्यांसाठी वापरायचं आहे त्यांच्यासाठी, तिच्या निमित्ताने जे बोलणं झालं ते सांगते. तुमच्या पेजवर येणारा गिऱ्हाईक बहुधा मुका असतो. तो लाइक करत नाही, कमेंट करत नाही, रात्री जेवण झाल्यावर बायकोला किंवा भागीदाराला फोन दाखवतो आणि ठरवतो. त्याला अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी कळायला हव्यात. तुम्ही नेमकं काय करता, कुठे करता आणि तुम्हाला फोन कुठे करायचा. ‘स्वप्नांना रंग देणारी’ असलं काही लिहू नका. ‘भिंतीचित्रं आणि हाताने रंगवलेल्या पाट्या, सांगली-मिरज’ एवढं पुरे. सगळ्यात चांगली तीन कामं वर पिन करून ठेवा. प्रत्येक कामाखाली जागा कुठली, मोजमाप किती, रंग कोणते, दिवस किती लागले, ते लिहा. भिंतीचा एक फोटो माणूस शेजारी उभा करून काढा, नाहीतर ती दहा फुटांची की तीस फुटांची हे कळत नाही. काम चालू असतानाचा एखादा फोटोही ठेवा. चोरलेल्या चित्राचा तसा फोटो कुणाकडे नसतो. संक्रांत आणि मावसबहीण यांना वेगळं अकाउंट उघडून द्या. रोज टाकलंच पाहिजे असं सांगणाऱ्यांना स्वतःचा कोर्स विकायचा असतो, हे माझं वैयक्तिक मत.

एक गोष्ट विट्याच्या फोटोग्राफरलाही माहीत नव्हती आणि बहुतेकांना नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, चित्र किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे तुम्ही काढलेले लग्नाचे फोटो तुमच्याच पेजवर टाकायला पैसे देणाऱ्याची, म्हणजे नवरानवरीची किंवा त्यांच्या घरच्यांची, संमती लागते. कोटेशनमध्येच एक ओळ घाला, ‘या कामाचे फोटो माझ्या कामाचे नमुने म्हणून दाखवण्यास आपली संमती आहे’, आणि त्यावर सही घ्या. मोठं काम असेल तर वकिलांना विचारा. शाळेतल्या पोरांचे चेहरे दिसत असतील तर पालकांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि पेज ही तिजोरी नव्हे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी खेड्यांतल्या पोरांचं तिथलं सगळं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. इन्स्टाग्रामवर चढवलेला फोटोही साधारण १०८० पिक्सेल रुंदीला आवळला जातो, तो छपाईला उपयोगी पडत नाही. म्हणून मूळ फाइल दोन ठिकाणी हवी, आणि निवडक कामांची दहा पानांची पीडीएफ फोनमध्ये तयार हवी. पुण्या-मुंबईचे प्रकाशक आणि एजन्सीवाले बिहान्स या कलाकारांच्या कामाचे नमुने मांडायच्या वेबसाइटवरही बघतात. हे मी सांगत असताना ती म्हणाली की बाबांच्या पाट्यांच्या फोटोंचा एकुलता एक अल्बम ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेला. सांगलीकराला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही.

इतकं सगळं करूनही झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर तो प्रश्न पेजचा राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मराठीतून बोलता येतं.

तिचं सध्या बरं चाललं आहे. फार मोठं काही झालेलं नाही. पलूसकडच्या एका शाळेने ट्रॅक्टर बघून फोन केला, ती भिंत झाली. कोटेशनवर संमतीची ओळ घालायला ती शिकली आणि मावसभावाला पुढच्या पत्रिकेचे पैसे सांगितले. व्हॉट्सअॅपचं स्टेटस मात्र अजून अर्ध्या तासात काढते. तिथे आत्या असतात म्हणे. ते आता पुढच्या भेटीत बघायचं आहे.