उन्हाळ्यात नागपूरच्या बर्डीला (सीताबर्डी बाजारात) खरेदी करताना कुत्र्याला काच थोडी उघडी ठेवून दहा मिनिटं गाडीत ठेवलं तर चालेल का?

नाही, पाच मिनिटंही नको. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास असतो, आणि उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच साधारण 10 अंशांची भर पडते. काच चार बोटं खाली केली तरी फारसा फरक पडत नाही. सावलीत गाडी लावली, तरी ती सावली सरकते आणि बिलिंगच्या रांगेत आपल्याला वेळेचं भान राहत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. हवाच तापलेली असली की तेही जमत नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांचे तर फारच हाल होतात.

त्याला घरीच कूलरसमोर राहू द्या, जवळ पाणी भरून ठेवा.

कधी जीभ गडद लाल, लाळ चिकट आणि चाल अडखळती दिसली, तर लगेच सावलीत न्या. अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघांत, थंड पाणी ओता, पंखा लावा. पाणी बळजबरीने पाजू नका. सावरल्यासारखा वाटला तरी लगेच डॉक्टरला दाखवाच, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो.