‘जरी-तरी’ची जोडी इंग्रजीत का चालत नाही?

प्रश्न : मुलीच्या सराववहीतलं ‘ऑल्दो शी वॉज टायर्ड, बट शी फिनिश्ड द वर्क’ हे वाक्य मी बरोबर धरलं. शिक्षिकांनी त्यातलं ‘बट’ खोडलं. मराठीत ‘जरी’ आणि ‘तरी’ दोन्ही येतात, मग इंग्रजीत एकच का?

उत्तर : शिक्षिकांचं बरोबर आहे. मराठीत ही वाक्यं जोडणारी अव्ययं जोडीनं फिरतात : जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जर-तर. त्यातलं पहिलं आपण बोलताना सर्रास गाळतो, पण दुसरं सोडवत नाही. ‘ती दमली होती तरी तिने काम संपवलं.’ हीच सवय इंग्रजी लिहिताना ‘बट’ होऊन आत शिरते. इंग्रजीत ‘ऑल्दो’ एकटंच आपलं वाक्य गौण करून दुसऱ्याला टेकवतं. ‘बट’ दोन बरोबरीची वाक्यं जोडतं. दोन्ही घातली की पहिलं वाक्य गौणही ठरतं आणि बरोबरीचंही. मग मिश्र वाक्यही धड नाही आणि संयुक्तही नाही.

तपासायचा सोपा मार्ग म्हणजे मोजणी. काळ दाखवणारी क्रियापदं मोजा आणि त्यातून एक वजा करा. तेवढेच जोडशब्द, म्हणजे वाक्यं जोडणारे शब्द, हवेत. इथे ‘वॉज’ आणि ‘फिनिश्ड’ ही दोन क्रियापदं, म्हणजे जोडशब्द एक. ‘ऑल्दो’ ठेवा किंवा ‘बट’. ‘बिकॉज... सो’चीही हीच गत. ‘टू गो’सारखी रूपं मोजायची नाहीत, ‘हू’, ‘विच’ मात्र जोडशब्दांत धरायचे. ‘आय थिंक शी इज राइट’मध्ये जोडशब्द दिसत नाही, कारण मधलं ‘दॅट’ गाळलेलं आहे.

‘इफ... देन’ मात्र चालतं, कारण ‘देन’ हे क्रियाविशेषण, जोडशब्द नव्हे. ‘ऑल्दो... स्टिल’ही त्याच कारणाने चालतं. ‘आयदर-ऑर’, ‘नॉट ओन्ली-बट ऑल्सो’ या इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या. त्या जोडीनेच येतात आणि मोजणीत एकच धरायच्या.

प्रश्न : ‘वेट अनटिल आय डोन्ट कम’ हे चूक का? ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ असंच तर म्हणायचं आहे.

उत्तर : म्हणायचं ते बरोबर आहे, पण त्यातला ‘नाही’ मराठीचा आहे. मराठी न येण्याचा काळ मोजते. ‘अनटिल’ येण्याच्या क्षणाकडे बोट दाखवतं. म्हणून ‘वेट अनटिल आय कम’. इथे ‘विल’ही नको, भविष्याबद्दल बोलत असलो तरी ‘अनटिल’, ‘व्हेन’, ‘बिफोर’ यांच्यानंतर साधा वर्तमानकाळ येतो.

‘अनलेस’ याहून फसवं. त्याच्या पोटातच ‘इफ नॉट’ आहे. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ याचा सरळ अर्थ ‘अभ्यास केलास तर नापास होशील’! हवं होतं ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल’. शंका आली की ‘अनलेस’ खोडून तिथे ‘इफ... नॉट’ लिहून बघा. नकार दोनदा आला, तर बहुधा एक जादा. बहुधा अशासाठी, की ‘आय विल कॉल, अनलेस यू डोन्ट वॉन्ट मी टू’ यात दोन्ही नकार खरोखरच हवे आहेत.

प्रश्न : ‘इट वॉज लेट, हाउएव्हर वी स्टेड’ यात चूक कोणती? आणि ‘डिस्पाइट ऑफ’ चालतं का?

उत्तर : चूक विरामचिन्हांची. ‘हाउएव्हर’ इथे ‘बट’सारखं दोन वाक्यं बांधत नाही. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या, नंतर स्वल्पविराम. ‘देअरफोर’लाही आधी तसंच थांबावं लागतं. ‘डिस्पाइट ऑफ’ चालत नाही : एक तर ‘डिस्पाइट’, नाहीतर ‘इन स्पाइट ऑफ’.

प्रश्न : रिकाम्या जागा सगळ्या बरोबर येतात, पण निबंधात ‘अँड’ आणि ‘बट’खेरीज काही सुचत नाही. सराव कसा करावा?

उत्तर : रिकाम्या जागेत वाक्य आधीच बांधलेलं असतं, तुम्ही फक्त खिळा ठोकता. निबंधात सांगाडाच तुम्हाला उभा करायचा असतो. म्हणून काही दिवस रिकाम्या जागा बाजूला ठेवा. रोज दोन सुटी वाक्यं घ्या, उदाहरणार्थ ‘इट वॉज रेनिंग. वी वेंट आउट.’ ती ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’ आणि ‘हाउएव्हर’ यांनी चार प्रकारे जोडा. ‘डिस्पाइट’पाशी अडाल, आणि तिथेच खरा सराव आहे : त्याच्यानंतर अख्खं वाक्य बसत नाही, नाम किंवा ‘आयएनजी’ रूप लागतं. म्हणून ‘डिस्पाइट द रेन, वी वेंट आउट’. ‘बिकॉज’ आणि ‘बिकॉज ऑफ’ यांतही नेमका हाच फरक.

मग गौण वाक्याची जागा बदला. ‘व्हेन द बेल रँग, वी लेफ्ट’ यात स्वल्पविराम आहे. ‘वी लेफ्ट व्हेन द बेल रँग’ यात नको. पंधरा मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी नवं लिहिण्याआधी कालची वाक्यं मोठ्याने वाचा आणि क्रियापदांची मोजणी करा. जादा ‘बट’ तिथेच सापडतो.