सांगलीतल्या आमच्या कॉलनीच्या सांस्कृतिक महोत्सवात सगळ्या समाजांच्या कलाकारांना कसं सामावून घ्यावं? कार्यक्रमांचा क्रम कसा लावावा?

क्रमाचं नंतर बघू. आधी हलगीचं सांगतो.

माझे तात्या हलगी वाजवायचे. कुस्तीचं मैदान, जत्रा, लग्नाची वरात, सगळीकडे. मी अकरावीत असताना इथल्याच एका मंडळानं 'लोककलांना व्यासपीठ' म्हणून त्यांना बोलावलं. पत्रिकेत गायिकेचं नाव ठळक, तबलजीचं, पेटीवाल्याचं, निवेदिकेचंसुद्धा. खाली नुसतं 'हलगी पथक'. माणसं चार होती आणि चौघांनाही नावं होती. काम काय, तर पाहुण्यांना गाडीपासून हॉलच्या दारापर्यंत वाजवत आणायचं. व्यासपीठ आतच राहिलं.

त्यात पावसाची भुरभुर. कातडं सैल पडलं की हलगी बद्द वाजते, शेकावीच लागते. तात्यांनी हॉलच्या मागं रद्दीचे बोळे पेटवले. हलगी जाळावर फिरवायची, टिचकी मारायची, कान लावायचा, परत फिरवायची. तेवढ्यात सचिव आले. "इथं जाळ नको, गाड्या लावल्यात. आता फायबरची मिळते की, तसली घ्या ना."

तात्या म्हणाले, "साहेब, आतला तबला फायबरचा हाय का?"

सचिव हसून निघून गेले.

आत भाषण सुरू होतं. नाट्यपंढरी सांगली, विष्णुदास भावे, १८४३ चं त्यांचं सीतास्वयंवर नाटक. सगळं खरंच आहे. पण तासगाव रस्त्यावरच्या कवलापूरचे तमाशातले काळू-बाळू कुणाला आठवले नाहीत. रेठरे हरणाक्षचे शाहीर पठ्ठे बापूराव आठवले, तेही 'कुलकर्णी असून तमाशात गेले' या कौतुकापुरते. ज्यांच्या घरात तमाशा पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यांचं मेलं कौतुक कुणाला?

म्हणून म्हणतो, कलाकार बोलवायच्या आधी समितीत त्या त्या समाजाची माणसं घ्या. पैसे कुणाला किती द्यायचे हे ठरवताना त्यांचा हात वर असला पाहिजे. मानधन त्याच दिवशी हातात द्या, शाल-नारळावर टेम्पोचं भाडं भागत नाही. आणि क्रमाचं विचारलंत ना? 'लोक जमेपर्यंत वाजवा' म्हणून हलगीला नाहीतर धनगरांच्या गजनृत्याला पहिला नंबर देऊ नका. भरल्या हॉलात, मधोमध ठेवा.

सगळीच मंडळं तसली नसतात, हेही कबूल करतो. पुढं काहींनी तात्यांना मानानं खुर्ची दिली. व्हीलचेअरवाल्यांसाठी उतार, बायकांना घरी पोचायची सोय, हे तुम्ही करालच. गाड्यांजवळ जाळ नको हे सचिवांचं म्हणणंही चूक नव्हतं. पण एक मोकळा कोपरा आणि पाण्याची बादली दिली असती तर काय बिघडलं असतं?

राहिली फायबरची हलगी. पुढं मी घेतली एक. पावसात चालते, शेकावी लागत नाही, सगळं मान्य. पण मैदानात पैलवान उतरल्यावर कातड्याची जशी कडाडते तशी ती कडाडत नाही. सचिवसाहेब हे वाचत असतील तर त्यांनी एकदा घरी यावं, दोन्ही वाजवून दाखवतो.