शंका-समाधान : व्हाइटटेलच्या शिंगांचा हिशोब

प्रश्न : ओहायोत आमच्या शेजाऱ्याने मारलेल्या व्हाइटटेल हरणाची शिंगं एकूण १७८ २/८ इंच भरली. अधिकृत मोजणाऱ्याने मात्र १६८ ६/८ गुण दिले. साडेनऊ इंच गेले कुठे? (एक वाचक, कोलंबस)

उत्तर : शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या 'टिपिकल' गटात दोन्ही शिंगं सारखी असण्याला मोल आहे, जेवढा फरक, तेवढी वजावट. तुम्ही पाठवलेला तक्ता बघा. डावीकडचा दुसरा फाटा ११ २/८, उजवीकडचा मोडलेला, ६ ४/८. तिथेच ४ ६/८ गेले. मुख्य दांड्यांच्या लांबीत १ इंचाचा फरक. शिवाय बुडाशी फुटलेले दोन आगंतुक फाटे, २ १/८ आणि १ ५/८, तेही वजा. झाले ९ ४/८. (४/८ ला १/२ लिहायचं नाही, सगळं आठांशातच लिहितात.)

'नॉन-टिपिकल' गटात आगंतुक फाटे वजा न होता मिळवले जातात, पण डाव्या-उजव्यातला फरक तिथेही कापतात. म्हणजे १७८ २/८ मधून फरकाचे ५ ६/८ गेले की १७२ ४/८, त्यात आगंतुक फाट्यांचे ३ ६/८, एकूण १७६ २/८. त्या गटाची किमान अट १८५ असल्यामुळे गट बदलून उपयोग नाही. टिपिकलमध्ये तीन वर्षांच्या यादीसाठी १६० पुरतात, तिथे नोंद होईल. कायमच्या यादीला १७० लागतात. मोडक्या फाट्यापायी सव्वा इंच कमी पडावा, हे आम्हालाही जरा कडकच वाटतं.

प्रश्न : घरी मोजलं की आकडा नेहमी जास्त का येतो?

उत्तर : बहुतेकदा घाईमुळे. ओली शिंगं वाळताना आकसतात, म्हणून साध्या खोलीत ६० दिवस ठेवून मगच अधिकृत माप घेतात. कवटी उकळली किंवा फ्रीझरमध्ये ठेवली असेल, तर दिवस त्यानंतर मोजायचे. पाव इंच रुंदीची स्टीलची टेप घ्या; शिंपिणीची कापडी टेप ताणली जाते. एक इंचाहून आखूड टोक फाटा धरत नाहीत. घेर प्रत्येक शिंगाचे चारच, तेही त्या-त्या भागात सर्वांत बारीक जागी. सगळ्यात मोठी गफलत रुंदीत होते. ती दांड्यांच्या आतल्या बाजूने, कवटीच्या मध्यरेषेला काटकोनात घ्यायची, आणि लांब दांडीपेक्षा जास्त भरली तर दांडीइतकीच धरायची. गाडीत मावावी म्हणून कवटी मधोमध चिरली, तर ही रुंदी भरवशाची राहत नाही आणि नोंदच नाकारतात.

प्रश्न : विक्रम कुठे २१३, तर कुठे ३३३ असा वाचला. खरा कोणता?

उत्तर : दोन्ही खरे. मायलो हॅन्सन यांनी १९९३ मध्ये कॅनडात सस्कॅचेवानमधल्या बिगरजवळ मारलेला नर टिपिकल गटात २१३ ५/८ चा. ३३३ ७/८ चा नॉन-टिपिकल नर कोणी मारलेलाच नाही. १९८१ मध्ये मिसूरीत सेंट लुईस भागात तो मेलेला सापडला. अशी सापडलेली शिंगंही क्लब नोंदवतो. उंच कुंपणात पाळून मारलेलं हरीण मात्र चालत नाही, शिंगं कितीही मोठी असोत.

प्रश्न : विदर्भातल्या जंगलात पडलेली चितळाची शिंगं उचलून अशीच मोजली तर?

उत्तर : उचलूच नका. गळून पडलेलं शिंगही वन्यजीव कायद्याखाली सरकारी मालमत्ता आहे. दिसलं तर वनरक्षकाला जागा सांगा.