आई-वडील गावाकडून आलेत. इथे टेक्सासात ऑस्टिनहून फ्रेडरिक्सबर्ग या जुन्या जर्मन गावाला एक दिवस न्यावं का, की कंटाळतील?

न्या. आणि ते कंटाळतील हे त्यांच्या वतीने तुम्ही आधीच ठरवू नका.

तुम्ही लिहिलंय की आई-वडील सत्तरीचे आहेत, आयुष्यभर शेती केलेली आहे, घरात वाइन कुणीच घेत नाही आणि मित्र सांगतात की तिथे वाइनरी आणि दुकानं सोडून काही नाही, त्यापेक्षा मॉल दाखवा. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हेच ऐकून घेतलंय मी.

माझे आई-अण्णा साताऱ्याच्या माण तालुक्यातले. अण्णांची जिराईत शेती, घरची दोन-चार जनावरं, त्यांचं सगळं आईकडे. ते पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा आमच्या एका चुलत दिरांनी हौसेने सगळ्यांची फ्रेडरिक्सबर्गची सहल ठरवली. तीन गाड्या, पोरंबाळं, सगळे. 290 नंबरच्या रस्त्यावर एक वाइनरी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. आई-अण्णा प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसून. गावात पोचेपर्यंत दुपार कलली होती, मग मेन स्ट्रीटवर फज आणि टोप्या घेऊन परत. घरी आल्यावर मी विषय काढला तर भावजी म्हणाले, "वहिनी, शेतातनंच आलेत ना ते? त्यांना परत शेत काय दाखवायचं?"

मला ते लागलं. डॉक्टर माणूस परदेशात गेला तर तिथलं हॉस्पिटल बघावंसं वाटतं त्याला, मग शेतकऱ्याला शेत का बघावंसं वाटू नये?

पुढच्या महिन्यात मी आणि आई-अण्णा असे तिघंच निघालो. ऑस्टिनहून फ्रेडरिक्सबर्ग साधारण 80 मैल. त्याच्या पंधराएक मैल अलीकडे स्टोनवॉल लागतं. तिथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या नावाचं स्टेट पार्क आहे आणि त्यात साउअर-बेकमन फार्मस्टेड नावाचं जुन्या जर्मन कुटुंबाचं शेत. प्रवेश फुकट. 1915 च्या आसपासची घरं, गोठा, खुराडी, पवनचक्की सगळं राखलंय आणि त्या काळचे कपडे घातलेली माणसं तिथे खरोखरची कामं करत असतात. दूध काढतात, चुलीवर रांधतात, चीज करतात, साबण करतात.

आम्ही गेलो तेव्हा एक बाई ताक घुसळत होत्या. आपल्यासारखी रवी-दोरी नाही. उंच भांडं, वर झाकण, झाकणाच्या भोकातून दांडा वर-खाली करायचा. आई दारातच थांबली. थोडा वेळ नुसती ऐकत होती, मग मला म्हणाली, "आवाज जड झालाय बघ. लोणी आलं. सांग त्यांना गार पाणी घालायला." मी सांगायच्या आधीच बाईंनी झाकण काढलं आणि खरंच, दाणेदार लोणी वर तरंगत होतं. त्यांनी ते लाकडी डावाने काढलं, गार पाण्यात धुतलं, दाबून दाबून ताक काढून टाकलं. इथवर आईला सगळं ओळखीचं. मग त्यांनी मीठ घातलं, तशी आई म्हणाली, "मीठ कशाला? कढवत का नाहीत?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, टिकावं म्हणून मीठ. आईने सांगितलं, आमच्याकडे टिकावं म्हणून तूप करतात. मग मी मध्ये दुभाषी आणि दोघींचं सुरू झालं ते संपेना. गाय किती देते, वासराला किती सोडता, उन्हाळ्यात लोणी पातळ झालं तर काय करता. मॉलमध्ये एवढं बोलली असती का ती कुणाशी?

अण्णा तोवर बाहेर. त्यांनी आधी माती बघितली. पायाने उकरली, चुनखडीचे तुकडे हातात घेतले. "हितं पाऊस किती?" मी म्हटलं, वर्षाला साधारण 30 इंच, पण कधी दुष्काळ तर कधी एका रात्रीत पूर. माणला त्याहून बराच कमी पडतो, तरी लहरीपणा तोच. मग जाता-येता रस्त्याच्या कडेला दगडावर दगड रचलेली, चुना-सिमेंट नसलेली जुनी कुंपणं दिसली की ते गाडी हळू घ्यायला लावायचे. जर्मन लोकांनी वावरातले दगड वेचून ती घातलीत. आमच्याकडे ताली, म्हणजे शेताचे बांध, घालतात त्याही अशाच वेचलेल्या दगडांच्या, त्यामुळे त्यांना रचणाराचा हात कळत होता. कुठे दगड नीट बसलाय, कुठे नुसता भर टाकलाय, हे ते मला दाखवत होते.

साउअर कुटुंब 1869 मध्ये तिथे आलं, आधी ओंडक्यांची खोली, मग दगडी. 1900 मध्ये बेकमनांनी ती जमीन घेतली आणि 1915 ला कापूस चांगला पिकला म्हणून नवं घर बांधलं, बाहेरून नक्षीचा पत्रा ठोकलेलं. "एका पिकावर?" अण्णांनी दोनदा विचारलं. कापसाचं एक साल साधलं की घर उभं राहतं आणि एक साल फसलं की काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईच्या मात्र लक्षात राहिली साउअरांची लेक ऑगस्टा. ती सुईण होती आणि 1908 मध्ये जॉन्सन जन्मले तेव्हा हीच बाळंतपणाला होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाची सुईण शेजारच्या शेतातली, हे आई अजून लोकांना सांगते.

आता गावाबद्दल, कारण विचारलंय गावाबद्दल. "ते जर्मन गाव नुसतं पर्यटकांसाठी सजवलंय" हे भावजींचं दुसरं पालुपद. सजवलंय, मेन स्ट्रीटचा बराचसा भाग दुकानदारीच आहे. पण गाव खोटं नाही. जर्मनीतल्या सरदार मंडळींनी टेक्सासात वसाहत करायला संस्था काढली होती. तिच्या वतीने मॉयझेबाख नावाच्या माणसाने 1846 मध्ये हे गाव वसवलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मूळच्या कोमांची लोकांशी तह केला. गोऱ्या वसाहतींनी केलेले असले तह बहुतेक मोडले गेले. हा पाळला गेला म्हणून त्याचं नाव निघतं. अर्थात पुढे कोमांचींची जमीन गेलीच, तेही मुलांना सांगायला हवं. भाषाही हळूहळू गेली. पहिल्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध वातावरण तापलं, शाळांत इंग्रजीची सक्ती झाली, आणि घरात टेक्सास-जर्मन बोलणारे आता म्हातारेच उरलेत.

गावात एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर पायोनियर म्युझियम बघा, तेही तिथल्या 'संडे हाउस'साठी. वसाहतीत प्रत्येकाला गावात घरासाठी तुकडा आणि बाहेर 10 एकर शेत मिळालं होतं. पुढे लोक लांब लांब शेतांवर राहायला गेले. मग शनिवारी बैलगाडी-घोडागाडीने बाजाराला यायचं, रविवारी चर्च करायचं आणि परतायचं, यासाठी गावात छोटी घरं बांधली. खाली एक-दोन खोल्या, वर माळा, माळ्याचा जिना बऱ्याच घरांना बाहेरून. पुढे म्हातारपणी शेत मुलाच्या हवाली करून आई-बाप याच घरात राहायला यायचे. अण्णा त्या खोलीत बराच वेळ उभे होते. आमचं म्हसवडला असंच एक खोलीचं घर होतं, यात्रेला आणि बाजाराला उतरायला. ते विकलं गेलं तेव्हा मी शाळेत होते.

चौकातली अष्टकोनी इमारत म्हणजे फेराइन्स किर्शे. मूळची 1847 ची, सगळ्या पंथांना मिळून एकच चर्च आणि शाळाही तीच. ती 1897 ला पाडली, आताची 1930 च्या दशकात तशीच बांधलेली. पाच मिनिटांत बघून होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचे प्रमुख असलेले अॅडमिरल निमित्झ इथलेच, त्यांच्यामुळे पॅसिफिकमधल्या त्या युद्धाचं मोठं संग्रहालय गावात आहे. चांगलं आहे, पण दिवस खातं आणि वाचायचं फार. आई-वडिलांबरोबर असताना नको. त्याच्या मागे जपानी लोकांनी 1976 मध्ये भेट दिलेली बाग आहे, तिथे मात्र टेका थोडा वेळ.

एन्चांटेड रॉक गावाच्या उत्तरेला साधारण 17 मैल. गुलाबी ग्रॅनाइटचा प्रचंड उघडा डोंगर, पायथ्यापासून 425 फूट. गुडघे दुखत असतील तर चढू नका, पायथ्याच्या वाटेनेही चांगला दिसतो. शनिवार-रविवारी आधी ऑनलाइन पास काढल्याशिवाय गेलात तर फाटकातून परत पाठवू शकतात. जून ते सप्टेंबर तो दगड तापतो, तेव्हा सकाळी लवकर नाहीतर नकोच. मार्चअखेर ते एप्रिल मध्य ब्लूबॉनेटची फुलं असतात, तो सगळ्यात चांगला काळ. मेच्या मध्यापासून स्टोनवॉलच्या रस्त्यावर पीच मिळतात.

खाण्याचं स्पष्ट सांगते. शाकाहारी असाल तर जर्मन हॉटेलांत बटाट्याचे पॅनकेक, लाल कोबी, प्रेट्झेल एवढ्यावर भागवावं लागेल, आणि बटाट्याच्या सूपात किंवा कोबीत बेकन असू शकतं, विचारूनच मागवा. आम्ही थालीपीठं आणि दह्याचा डबा नेला होता, पार्कातल्या बाकांवर बसून जेवलो. तुम्हीही न्या.

एक राहिलंच. शेतावर त्या दिवशी कोणतं काम चालू असेल ते आधी सांगता येत नाही. ताक घुसळणं दिसेल, नाहीतर नुसती कोंबड्यांना दाणे टाकणारी मुलगी दिसेल. थंडीत डुकरं कापायचं कामही होतं, आईंना ते बघवणार नसेल तर फोन करून विचारा. वेळाही निघण्यापूर्वी बघून घ्या. आणि तुमचे आई-वडील शेतीला खरोखरच वैतागून बाहेर पडले असतील तर माझं सगळं सांगणं बाजूला ठेवा, पण हे त्यांना विचारून ठरवा, मित्रांना विचारून नको.

भावजींना मी फोटो पाठवले होते. त्यांचं उत्तर आलं, "छान, पण वाइनरी राहिली की." मग आई-अण्णांच्या दुसऱ्या खेपेला त्यांनी पुन्हा ग्रुपने जायचं काढलं, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. तुम्हालाही कुणी "सगळे मिळून जाऊ" म्हणालं तर नाही म्हणा. एक गाडी, घरची माणसं, आणि स्टोनवॉल आधी, गाव नंतर.